पाचोळ्यातले मिलिमीटरभराचे भुंगेरे आणि विंकलर संच: एक परीक्षण

वर्षावनाच्या तळाशी साचलेल्या पाचोळ्यातून एक-दीड मिलिमीटरचा भुंगेरा अखंड आणि नेमक्या जागेच्या नोंदीसह बाहेर काढायचा असेल, तर कापडाची चाळणी आणि कापडाचीच विंकलर पिशवी (टांगलेल्या पाचोळ्यातले जीव आपणहून खालच्या पेल्यात पडतील अशी खोळ) या जोडीला आजही तोड नाही. वीज लागत नाही, घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावते, फाटली तर सुईदोरा घेऊन जागेवरच शिवता येते. मात्र या संचाची तारीफ बहुधा एकाच गोष्टीवरून होते: खालच्या पेल्यात किती जीव पडले. मुंग्यांची मोजदाद करणाऱ्याला तेवढं पुरतं. नव्या प्रजातीचं वर्णन लिहायला बसलेल्याला पुरत नाही. त्याला एकाच ठिकाणचे, एकाच दिवसाचे, नर आणि मादी दोन्ही असलेले, स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) आणि पाय शाबूत असलेले दहा-वीस नमुने हवे असतात, आणि त्यातला निदान एक तरी होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून पिढ्यान् पिढ्या जपून ठेवण्याइतका स्वच्छ. इथे संचाचा प्रत्येक भाग याच कसोटीवर पाहिला आहे.

दुसरे मार्ग या भुंगेऱ्यांपर्यंत फारसे पोचत नाहीत. पाचोळ्यात राहणाऱ्या कितीतरी प्रजातींना उडायचे पंखच उरलेले नाहीत, त्यामुळे उजेडाचा सापळा त्यांच्यासाठी निरुपयोगी. जमिनीत पुरलेल्या पेल्यात फिरस्ते, मोठे कीटक पडतात. इतके लहान, संथ भुंगेरे क्वचितच. हाताने वेचायचं म्हटलं तर ते दिसत नाहीत, आणि सोंडे भुंगेरे धक्का लागताच पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतात, म्हणजे मातीच्या खड्यात आणि त्यांच्यात फरकच उरत नाही. ट्रायगोनोप्टेरस या बिनपंखी सोंड्यांचंच पाहा. न्यू गिनीतल्या १०१ प्रजातींचं वर्णन २०१३ मध्ये एकाच शोधनिबंधात झालं, २०१४ मध्ये सुमात्रा, जावा, बाली आणि आसपासच्या बेटांवरच्या ९८ आणि २०१९ मध्ये सुलावेसीच्या १०३ प्रजातींची भर पडली. न्यू गिनीच्या खेपेला इतकी नावं एकदम लागली की काही तिथल्या टेलिफोनच्या यादीतल्या आडनावांवरून घेतली. फांद्या झोडपणं आणि पाचोळा चाळणं, असलं साधं काम या आकड्यांच्या मागे आहे.

चाळणी

चाळणी म्हणजे दोन कड्या आणि एक लांब कापडी खोळ. वरची कडी तोंड उघडं धरते. तिच्या खाली वीतभर अंतरावर दुसरी कडी, तिला तारेची जाळी. जाळीच्या खाली खोळ लांबत जाते आणि शेवटी नाडीने बांधलेली असते. दोन्ही कड्यांना एकेक मूठ असते. एक कडी स्थिर धरून दुसरी हलवायची नाही. दोन्ही एकत्र धरून आडव्या झटक्याने हलवायच्या आणि मध्येच उभा धक्का द्यायचा, म्हणजे पानांच्या मधली बारीक भुकटी सुटून खाली येते.

जाळीची भोकं सहसा ८ ते १० मिलिमीटरची असतात. मुंग्यांसाठी १० ठीक आहे. एक-दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यांसाठी मात्र ६ ते ८ चांगली, कारण खाली येणारा कचरा बराच कमी होतो आणि पुढचं सगळं काम कचऱ्याच्या प्रमाणावरच अवलंबून असतं. याहून बारीक जाऊ नये. ओली पानं बारीक जाळीला चिकटून तिच्यावर पापुद्रा धरतात आणि त्याच पापुद्र्यात भुंगेरे अडकून राहतात. जाळी सांध्यावर डाख देऊन पक्की केलेली हवी. नुसती विणलेली तार आठवड्याभराच्या वापराने सरकते, भोकं लहान-मोठी होतात आणि वेगवेगळ्या दिवसांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

पाचोळा घेताना वरची कोरडी, नुकती गळलेली पानं बाजूला सारावीत. हवा असतो तो त्याच्या खालचा थर: अर्धवट कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली पानं आणि त्यांच्या तळाची एक-दोन सेंटिमीटर भुसभुशीत माती. झाडाच्या आधारमुळांच्या बेचक्यात, पडलेल्या ओंडक्याच्या कडेला आणि उताराच्या पायथ्याशी हा थर जाड असतो. कुजका ओंडका हाताने चुरडून तोही चाळावा. एका वेळी दोन-तीन ओंजळीच घालाव्यात. भांडं भरल्यासारखी चाळणी भरली की वरचा माल नुसता गोल फिरतो, काही गळत नाही. घाई झाली की पहिली चूक हीच होते.

जागांची तुलना करायची असेल तर एक चौरस मीटरची चौकट आखून तेवढाच पाचोळा घ्यावा. मुंग्यांच्या अभ्यासात रूढ झालेली पद्धत आहे ती २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला एक, असे एक चौरस मीटरचे २० नमुने. प्रजातींचं वर्णन करणाऱ्याने ती जशीच्या तशी उचलायचं कारण नाही. एक चौरस मीटरमधून एखाद्या प्रजातीचा एकच नर मिळून हळहळ होण्यापेक्षा त्याच बेचक्यातला चार-पाच चौरस मीटर पाचोळा एकत्र चाळून एकाच प्रजातीच्या अनेक नमुन्यांची मालिका मिळवावी, आणि तसं केल्याचं लेबलवर स्पष्ट लिहावं.

चाळलेला माल खोळीच्या खालच्या तोंडातून कापडाच्या थैलीत ओतायचा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. तिच्यात आतून घाम धरतो, भुकटीचा चिखल होतो आणि तासा-दोन तासांत अर्धे जीव गुदमरतात. मेलेला भुंगेरा विंकलरमधून खाली येत नाही, हे ध्यानात ठेवलं की वाहतुकीची सगळी पथ्यं आपोआप कळतात: थैली सावलीत, एकावर एक रचायची नाही, आपटायची नाही, आणि त्याच दिवशी टांगायची.

खालच्या तोंडाची नाडी हा बाजारातल्या चाळण्यांचा कच्चा दुवा आहे. गुळगुळीत नायलॉनची दोरी ओल्या हाताने बांधली की सुटते, आणि चाळता चाळता तासाभराची मेहनत जमिनीवर. सुती नाडी लावून घ्यावी आणि तोंड दोनदा दुमडून मग बांधावं.

विंकलर पिशवी

बाहेरची खोळ शंकूसारखी निमुळती होत खाली पेल्यापर्यंत जाते. वर तारेची चौकट तिला ताठ ठेवते. आत जाळीच्या चपट्या पिशव्या टांगतात: लहान विंकलरमध्ये एक, मोठ्यात चारपर्यंत. जाळीची भोकं साधारण ४ मिलिमीटरची. चाळलेला पाचोळा या पिशव्यांत भरायचा, वरचं तोंड बांधायचं आणि वाट पाहायची. उष्णता नाही, दिवा नाही. पाचोळा हळूहळू सुकत जातो, ढवळले गेलेले जीव अस्वस्थ होऊन ओलाव्याच्या शोधात हिंडू लागतात, जाळीच्या कडेशी येतात आणि तोल जाऊन खाली पडतात. एवढंच यंत्र. म्हणूनच चालू शकणाऱ्या जिवंत प्राण्यांपुरतंच ते चालतं. अळ्या आणि मऊ अंगाचे संथ जीव कडेपर्यंत पोचण्याआधीच आत सुकून मरतात. भुंगेऱ्यांच्या अळ्याही हव्या असतील तर भरण्यापूर्वी दोन ओंजळी भुकटी पांढऱ्या ताटात पसरून हाताने पाहावी.

कापड कोणतं, यावर बरंच काही ठरतं. घट्ट विणीचं पांढरं सुती कापड, चांगल्या प्रतीचा मांजरपाट चालतो. त्यातून हवा खेळते, पाचोळा सुकतो आणि पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच दिसतो. हलकं असतं म्हणून कृत्रिम धाग्याचं कापड लावलेले संच मिळतात. ते आम्ही सुचवणार नाही. वाफ कोंडते, आतल्या बाजूला थेंब धरतात आणि त्या थेंबांना सगळ्यात लहान भुंगेरे चिकटून बसतात. ते तिथून पेल्यात कधीच जात नाहीत.

जाळीच्या पिशवीत माल सैल आणि चपटा भरावा, जाडी चार-पाच बोटांपेक्षा जास्त नको. ठासून भरली तर मधला भाग तीन दिवसांनीही ओलाच राहतो. भरताना खाली रिकामा पेला लावावा. भरण्याच्या हालचालीने जी माती गळते ती त्यात पडते. भरून झाल्यावर तो पेला काढून ती माती हलकेच परत पिशवीत टाकायची आणि मगच अल्कोहोलचा पेला जोडायचा. एवढ्या एका पायरीने नमुन्यातली माती निम्म्याहून कमी होऊ शकते, आणि तरी हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

टांगायची जागा वाऱ्यापासून आडोशाची, पावसापासून सुरक्षित आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला. पिशवी झुलली की प्रत्येक झोक्याला चिमूटभर माती पेल्यात. खांबाला टांगण्यापेक्षा दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोरीला टांगली तर जास्त झुलते, म्हणून दोरी असेल तर खालून पेल्याच्या गळ्याला सैल धागा बांधून तो खुंटीला अडकवावा. पेला जमिनीला टेकवायचा नाही, मुंग्या चढतात.

४८ तास हा मुंग्यांच्या पद्धतीतला नेहमीचा कालावधी. भुंगेऱ्यांसाठी तो थोडा पडतो. तीन दिवस ठेवावी. पहिल्या २४ तासांनंतर पिशव्या काढून माल पांढऱ्या कापडावर ओतावा, हाताने हलकेच ढवळावा आणि पुन्हा भरावा, पुन्हा रिकाम्या पेल्याच्या त्याच काळजीने. मधला ओला गाभा बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी पेल्यात बरीच नवी हजेरी दिसते. सोंडे भुंगेरे हवे असतील तर ढवळण्याआधी तो माल पाच-दहा मिनिटं नुसता पाहत बसावा. सोंग सोडून ते चालू लागतात तेव्हाच दिसतात.

पेला आणि अल्कोहोल

संचाबरोबर येणारा पेला बहुतेकदा तकलादू असतो. नळीच्या टोकाला रबराने बांधायची प्लास्टिकची पिशवी, किंवा पातळ डबी. पिशवी हलकी आणि स्वस्त पडते, पण तिच्या कोपऱ्यातल्या घडीत भुंगेरे अडकतात आणि ओतून घेताना तिथेच राहतात. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, सपाट तळाची बरणी सर्वांत उत्तम. झाकणाला मधोमध गोल कापून ते खोळीच्या टोकालाच शिवून टाकलं की बरणी फिरवून काढता-घालता येते आणि गळती होत नाही.

अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांचं इथेनॉल घ्यावं, ७० टक्क्यांचं नव्हे. कारण डीएनए. विरळ अल्कोहोलमध्ये तो लवकर तुटतो, आणि आज बारीक भुंगेऱ्यांच्या दिसायला सारख्या प्रजाती वेगळ्या काढताना सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा बहुतेक वेळा लागतोच. यात एक गणित विसरलं जातं. बरणीत १०० मिली. ९६ टक्क्यांचं इथेनॉल आहे आणि ओल्या पाचोळ्यातून ३० मिली. पाणी ठिबकलं, तर उरतं ते साधारण ७४ टक्क्यांचं. वर उघड्या तोंडातून इथेनॉल उडतही असतं. म्हणून रोज सकाळी पातळी पाहून ताजं घालावं आणि पिशवी उतरवल्यावर लगेच सगळं अल्कोहोल बदलावं. तीव्र इथेनॉलचा तोटाही आहे: भुंगेरे कडक आणि ठिसूळ होतात, स्पृशा हात लावताच निखळतात. मग चिरफाड करण्यापूर्वी त्यांना काही तास पाण्यात मऊ करून घ्यावं लागतं. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. आमचा कौल तीव्र इथेनॉललाच, कारण ठिसूळपणावर उपाय आहे, तुटलेल्या डीएनएवर नाही.

बंद तंबूत पाच-सहा पिशव्या टांगल्या की इथेनॉलची वाफ साचते. तिथे स्टोव्ह, मेणबत्ती, कंदील काहीही पेटवू नये.

ओलावा: इथे संच खरोखर कमी पडतो

वर्षावनासाठीचं साधन आणि त्याला पाऊसच सोसत नाही, ही तक्रार रास्त आहे. भिजलेला पाचोळा चाळणीतून गळत नाही, गोळे होतात. गळला तरी दमट हवेत विंकलरमध्ये सुकत नाही, आणि सुकला नाही तर आतल्या जिवांना बाहेर पडायचं कारणच उरत नाही. पाऊस थांबल्यावर एक दिवस जाऊ द्यावा. तेवढी सवड नसेल तर मोठ्या झाडाच्या कलत्या बुंध्याखाली किंवा खडकाच्या आडोशाला कोरडा राहिलेला पट्टा शोधावा. ओला माल आणावाच लागला तर जाळीच्या पिशव्या अर्ध्याच भराव्यात आणि तीनऐवजी पाच दिवस टांगाव्यात. लवकर सुकावं म्हणून उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. बाहेरचा थर कडकडीत होऊन त्याची भिंत बनते आणि आतले त्या भिंतीआड अडकून मरतात.

बेर्लेझेचं नसराळं, म्हणजे वरून ऊब देऊन पाचोळ्यातले जीव खाली उतरवणारं नसराळं, या बाबतीत सरस आहे. आंतोनियो बेर्लेझे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याचं आवरण वापरून ते बनवलं, अल्बर्ट तुलग्रेन यांनी १९१८ मध्ये पाण्याच्या जागी वर दिवा लावला. ओली माती, शेवाळ, बुरशीने खाल्लेलं लाकूड यांच्यासाठी आणि अळ्या-कोळीकिड्यांसाठी ते जास्त भरवशाचं. पण वीज हवी, जागा हवी, आणि दिवा जास्त प्रखर असला तर संथ भुंगेरे वाटेतच भाजून निघतात. मातीत खोल राहणाऱ्या आंधळ्या भुंगेऱ्यांपर्यंत मात्र यातलं एकही पोचत नाही. त्यासाठी माती बादलीभर पाण्यात घोळवून वर तरंगणारा कचरा गाळून घ्यावा, आणि तो कचरा मग विंकलरमध्ये किंवा नसराळ्यात टाकावा.

मायक्रोस्कोपखाली काय हाती लागतं

बरणीतला माल ओतण्याआधी गाळण्याचा प्रश्न येतो. चहाची गाळणी वापरू नये. पिसपंखी भुंगेरे, म्हणजे टिलिइडी कुळ, तिच्यातून आरपार जातात. याच कुळातला स्किडोसेला मुसावासेन्सिस हा मुक्तपणे जगणाऱ्या ज्ञात कीटकांमध्ये सगळ्यात लहान. २०१५ मध्ये मोजलेला सर्वांत छोटा नमुना ०.३२५ मिलिमीटरचा. घट्ट विणीचं रेशमी कापड ताणून त्यातून गाळावं, किंवा गाळूच नये, थोडं थोडं बशीत ओतून पाहावं.

पातळ थर, खाली पांढरा आणि काळा असे दोन्ही पाट, वरून तिरपा उजेड. सुरुवातीला सगळा तपकिरी चुराच दिसतो. पानांच्या शिरांचे तुकडे, कोळीकिड्यांची गोल कवचं, विष्ठेचे दाणे. मग त्यात एक दाणा जरा जास्त चकाकतो. सुईच्या टोकाने उलटा केला की पोटाशी दुमडलेले सहा पाय दिसतात, आणि पाठीवरच्या कडक पंखांखालून केसांची झालर डोकावते. पिसपंखी भुंगेऱ्याचा उडायचा पंख म्हणजे एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केस, पक्ष्याच्या पिसासारखे. चिमट्याने उचलला तर चिरडतो. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने, अल्कोहोलच्या थेंबासकट उचलायचा.

मालिकेचा आग्रह का, ते याच कुळात सगळ्यात चांगलं कळतं. टिनेला या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) एकाच प्रजातीत दोन रूपं असतात: एकाला डोळे, पंख आणि गडद रंग, दुसरं फिकट, बिनपंखी, डोळे जवळपास नाहीसे झालेलं. दोन सुटे नमुने हातात असतील तर दोन प्रजाती म्हणून वर्णन करण्याचा मोह कोणालाही होईल. एकाच बेचक्यातल्या वीस नमुन्यांत दोन्ही रूपं एकत्र दिसली की तो मोह टळतो. शिवाय या कुळात मादीच्या शुक्रपिशवीचा आकार ओळखीसाठी फार महत्त्वाचा, म्हणजे नुसते नर असून भागत नाही. सेलाफिनी या पाचोळ्यातल्या बारीक भुंगेऱ्यांच्या दुसऱ्या गटात, म्हणजे उपकुळात, गोष्ट उलटी. तिथे नराच्या स्पृशांचे फुगीर खंड, पायांवरचे काटे आणि जननांग पाहिल्याशिवाय प्रजाती ठरत नाही, आणि मादी एकटी सापडली तर ती बाटलीत तशीच वाट पाहत राहते.

विंकलरच्या नमुन्यांची स्वच्छता मध्यम. हाताने वेचलेल्यापेक्षा मळकट, बेर्लेझेच्या नसराळ्यातल्याइतकेच. सेलाफिनीच्या डोक्यावर, छातीवर आणि पंखांच्या मुळाशी बारीक खळगे असतात आणि त्यांची संख्या व जागा हाच वर्गीकरणाचा कणा. नेमके तेच मातीने बुजलेले असतात. कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाकून नमुना दहा मिनिटं ठेवावा आणि एका केसाच्या कुंचल्याने झाडावा. तरीही पोटाकडचे खळगे दिसायला एक नमुना सुटा करून पारदर्शक करावाच लागतो. इथेही मालिका हवीच, कारण सुट्या केलेल्या नमुन्याचा होलोटाइप करणं कोणालाही आवडत नाही.

जननांगासाठी जुनी रीत १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये पोटाचा भाग ऊन करण्याची. कोवळ्या, फिकट भुंगेऱ्यावर डोळा ठेवावा. दोन-चार मिनिटं जास्त झाली तरी सगळं काचेसारखं होतं आणि कडा दिसेनाशा होतात. डीएनएही काढायचा असेल तर एका दगडात दोन पक्षी मारता येतात. अख्खा भुंगेरा प्रोटिनेझ-के (प्रथिनं विरघळवणारं विकर) असलेल्या द्रावात ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवला की आतले स्नायू विरघळून डीएनए द्रावात उतरतो आणि रिकामं, स्वच्छ कवच जननांगासकट हाती राहतं. मग जननांग युपॅराल या पारदर्शक चिकट द्रवात पारदर्शक पट्टीवर, आणि ती पट्टी भुंगेऱ्याच्याच टाचणीवर. वेगळ्या डबीत ठेवू नये. वेगळं ठेवलेलं जननांग केव्हा ना केव्हा हरवतंच.

लेबल, आणि शिवणीतला भुंगेरा

नामकरणाचे नियम या बाबतीत कडक आहेत. १ जानेवारी २००० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार नव्या प्रजातीसाठी होलोटाइप किंवा सहप्रकार नमुने (एकाऐवजी अनेक मिळून प्रमाण ठरणारे) स्पष्टपणे ठरवावे लागतात आणि ते कोणत्या संग्रहात ठेवले किंवा ठेवणार ते लिहावं लागतं. निव्वळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी हवी. परवान्याशिवाय गोळा केलेला नमुना चांगली संग्रहालयं स्वीकारत नाहीत, तेव्हा ते काम चाळणी उचलण्याआधीच पुरं करावं. संचाचा याच्याशी संबंध येतो तो लेबलच्या जागेवरून. बहुतेक खोळींना बाहेरून एक प्लास्टिकची खिडकी असते. ती दिखाऊ आहे. कागद पाण्याने भिजतो, शाई पसरते. लेबल अल्कोहोलच्या बरणीत, आत असावं, पेन्सिलने लिहिलेलं. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, जागेचं एका ओळीत वर्णन, पद्धत, किती चौरस मीटर, आणि पिशवीचा क्रमांक.

पिशवीचा क्रमांक का, ते नीट सांगायला हवं, कारण संचाचा सगळ्यात गंभीर दोष इथे आहे. खोळीच्या आतल्या शिवणीत, विशेषतः शंकूच्या निमुळत्या भागात जिथे दोन तुकडे जोडलेले असतात, तिथे कापडाची कड आत उरलेली असेल तर तिच्याखाली भुंगेरे अडकून बसतात. पुढच्या जागेचा पाचोळा भरला, पिशवी हलली, आणि मागच्या डोंगरावरचा भुंगेरा या डोंगराच्या बरणीत. मुंग्यांच्या यादीत एक आकडा चुकेल. पण पाचोळ्यातल्या बिनपंखी भुंगेऱ्यांमध्ये एकेका डोंगराची वेगळी प्रजाती असू शकते, तिथे होलोटाइपची मूळ जागाच खोटी ठरते. पुढे कोणी तिथे जाऊन शोधलं तर ती प्रजाती सापडणार नाही आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही. म्हणून प्रत्येक पिशवीवर पक्क्या शाईने क्रमांक घालावा, आणि कोणती पिशवी कोणत्या जागी वापरली ते वहीत लिहावं. एखादा नमुना संशयास्पद वाटला तर त्या पिशवीचा आधीचा प्रवास पाहता येतो.

दोन जागांच्या मध्ये खोळ उलटी करून झटकावी, शिवणींवरून कडक ब्रश फिरवावा, पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी. तोंडाला चेन असलेली खोळ टाळावी, तिच्या दात्यांत रेतीही बसते आणि भुंगेरेही. नाडीच बरी. जाळीच्या पिशवीचे तळाचे कोपरे चौकोनी असतील तर गोल शिवून घ्यावेत.

संच विकत घेतला किंवा शिंप्याकडून शिवून घेतला तरी रानात नेण्याआधी एक चाचणी करावी. खसखशीचा दाणा जवळपास एक मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या भुंगेऱ्यांच्याच मापाचा. मोजून १०० दाणे जाळीच्या रिकाम्या पिशवीत टाकावेत, खोळ बांधावी, टांगून पाच-सहा वेळा हलकेच हलवावी आणि बरणीतले दाणे मोजावेत. ९५ च्या वर आले तर संच रानात न्यायला हरकत नाही. कमी आले तर खोळ उलटी करून उरलेले दाणे कुठे अडकले ते बघावं. ते ज्या शिवणीत सापडतील ती उसवून, कड बाहेरच्या बाजूला काढून, दुहेरी टीप मारून घ्यावी आणि दाणे पुन्हा मोजावेत.